गेज

तांब्याचा पत्रा जितका पातळ, तितका त्याचा आकडा मोठा.
अठरा गेजचा हंडा नातवापर्यंत जातो,
सव्वीसचा फक्त आहेरात द्यायला.
तांबट आळीत हे पोरांना पाढ्यांच्या आधी येतं.
मी तर नख मारून आवाजावर सांगायचो.
म्हणून रिपोर्टवरचं उणे दोन पूर्णांक सात
मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

मनगट मोडलं ते दुकानाच्या ओट्यावरून उतरताना.
उजवं. हातोडीचं.
बंब उचलताना मोडलं असतं
तर निदान सांगायला बरं होतं.

गंगापूर रोडच्या सेंटरवर
पायांखाली फोमचा ठोकळा दिला, म्हणाले हलू नका.
वरून एक दांडी सरकत गेली, आवाज न करता.
न ठोकता कसं कळतं यांना, याचंच नवल करत पडून राहिलो.
बाहेर बाकावर सगळ्या बायका.
एकीनं विचारलं, मिसेस आत आहेत का?
हो म्हणालो.

सतरा वर्षं झाली सिव्हिलमधून डबी आणतोय.
आतला कापूस काढत नाही, गोळ्या वाजतात.
आमच्या आळीत दिवसभर एवढी ठोकाठोकी,
तरी तेवढा आवाज ऐकू जाईल
असं वाटत आलंय.
रोहिदासला सांगितलंय, पित्ताची आहे.

मॅडमना विचारलं, हे गोळीनं झालं का?
त्यांनी पेन खाली ठेवलं.
असू शकतं.
ही गोळी काहींचं हाड थोडं थोडं खाते, असं दिसलंय.
पण आजार स्वतःही खातो. वय खातं.
दिवसभर सावलीत बसणं, अंगावर मांस नसणं.
तंबाखू?
मळतो.
तीही.
एका ताटात एवढे जण जेवायला बसल्यावर
कुणी किती खाल्लं ते कसं काढायचं?
बदलून बघू, म्हणाल्या. बदलायची. बंद नाही करायची.
बंद नाही, हे दोनदा म्हणाल्या.

बंद कोण करतंय.
रमाकांतला गोळी मिळालीच नाही.
फुकट वाटप सुरू व्हायच्या आदल्या माघात गेला, एकतिसाव्या वर्षी.
अंगात काही उरलं नव्हतं, उचलायला दोघे पुरले,
पण राखेतून वेचताना हाडं मडक्यात मावेनात.
रामकुंडात सोडली.
इथल्या पाण्यात हाड विरतं म्हणतात,
लोक त्यासाठी कुठून कुठून गाडी करून येतात.
मी बराच वेळ पायरीवर बसून बघत होतो,
विरतंय का.
थोरला माझा. अठरा गेजचा.
कपाटात ठेवलेल्या भांड्यासारखा, न वापरता गेला.

झिजायला आधी वापर व्हावा लागतो.
हे मी विमलला म्हणालो, तर ती म्हणाली,
गिळा आधी ती कॅल्शियमची, मग बोला.

मॅडम म्हणाल्या, चाला. भार पडला की हाड धरतं.
मठारकामाचं असंच. ठोका बसतो तिथं तांबं कडक होतं,
न ठोकलेल्या भांड्याला लगेच पोचा येतो.
पण हाड म्हणजे तांबं नाही,
मोडीत घालून परत ओतता येत नाही,
एवढं मलाही कळतं.

तरी पहाटे निघतो.
दहीपूल, सराफ बाजार, खाली नदी.
प्लास्टरचा हात गळ्यात, पावलं मोजत,
प्रत्येक पाऊल जरा ठोकून टाकत.
घाटावर एक गुरुजी नवे आहेत, ओळखत नाहीत.
काल आडवे आले. कुणाच्या अस्थी?
माझ्याच, म्हणालो. चालायला आणल्यात.
ते हसले नाहीत.
मागून लाल फडकं घेऊन कुणी येत होतं, तिकडे वळले.
मी पायऱ्या चढायला लागलो. अकरा, बारा.